ईसीजी नॉर्मल, मग हे काय?

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे किती दरवाजे किती उघडले आहेत, हे अख्ख्या पवनी तालुक्यात अभियंत्यांच्या खालोखाल मलाच ठाऊक असायचं. एकूण दरवाजे ३३. पावसाळ्यात ग्रुपवर मेसेज येतो: अमुक दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले, विसर्ग इतका, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. लोक वाचतात आणि झोपतात. मी रात्री दोनला उठून तोच मेसेज पुन्हा वाचायचो, आधीच्या मेसेजशी ताडून पाहायचो, मग मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून किती पाणी सुटलं ते शोधत बसायचो. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर पाणी, हे मी याच नादात शिकलो. बायको म्हणायची, "धरण सरकारचा आहे, तुमचा नाही. झोपा." ते मलाही कळत होतं. कळून झोप येत नव्हती.

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. घर पुनर्वसनात. जुनं गाव पाण्यात गेलं. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली तेव्हा मी लहान होतो. बाबा आम्हाला खांद्यावर घेऊन बघायला गेले होते, असं आई सांगते. धरण होणार म्हणजे धानाला पाणी मिळणार, एवढंच तेव्हा सगळ्यांना कळलं होतं. त्या पाण्याखाली आपलीच बांधी, म्हणजे धानाची शेती, जाणार, हे नंतर. ३७२ कोटींचा प्रकल्प अठरा हजार कोटींच्या वर गेला. तो खर्च वाढत होता त्या वर्षांत आमच्या घरात मोबदल्याचे, वाढीव मोबदल्याचे आणि प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्रांचे कागद जमत गेले. आता मी तेच कागद इतरांना झेरॉक्स करून देतो.

दुकानाला जोड म्हणून धरणाच्या खालच्या अंगाला नदीकाठची थोडी शेती ठेक्याने करायचो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला जो पूर आला तो भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत कोणी विसरलेलं नाही. वरून पाणी, संजय सरोवरातून पाणी, आणि इथे ३३ च्या ३३ दरवाजे उघडे. रोवणी होऊन महिना-सव्वा महिनाच झाला होता. पाणी उतरल्यावर बांधीत धान शोधावं लागलं, नुसता गाळ. पण गंमत अशी, की त्या दिवसांत मी अजिबात घाबरलो नाही. ट्रॅक्टर बोलावले, म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढलं, पंचनाम्याचे फॉर्म रात्र-रात्र भरले. लोक म्हणाले, पोरगा खंबीर आहे.

घाबरलो ते पुढच्या वर्षी, एसटीत. पवनीहून भंडाऱ्याला जात होतो, उन्हाळ्याचे दिवस, पाण्याचा कुठे थेंब नाही. अड्याळ मागे पडलं आणि छातीत धाडधाड सुरू झालं. हाताची बोटं मुंग्या येऊन बधिर, घशाला कोरड, खिडकीबाहेरची झाडं लांब गेल्यासारखी. आता मी मरतोय, एवढं स्पष्ट. कंडक्टरला सांगून उतरलो आणि रस्त्याच्या कडेला बसलो. दहा-पंधरा मिनिटांत सगळं शांत. मागून आलेल्या मोटारसायकलवाल्याने पाणी दिलं आणि विचारलं, "का झाला जी?" मला सांगता येईना.

ईसीजी काढला. नॉर्मल. टूडी इको, नॉर्मल. शुगर, नॉर्मल. एका दवाखान्यात गॅस सांगितला, दुसऱ्यात ॲसिडिटी, तिसऱ्यात 'टेन्शन घेऊ नका'. हे तिसरं औषध सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कुचकामी. टेन्शन मी घेत नव्हतो, ते येत होतं. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टने एक-दोन दिवस बरं वाटायचं, मग शंका यायची की मशीनच बिघडलेली असेल. आईने अंगारा लावला. चुलतभाऊ बाबा जुमदेवांच्या 'परमात्मा एक' मार्गाचा सेवक आहे. आमच्या भागात या मार्गात आलेली घरं पुष्कळ, त्यामुळे कित्येकांची दारू सुटलेली मी पाहिली आहे. तो म्हणाला, मार्गात ये, भीती राहणार नाही. एका मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय बारीकशी गोळी दिली. तिने झोप छान लागली, पण दुसऱ्या आठवड्यात एकीने भागेना. हळूहळू एसटी बंद केली, भंडारा बंद केला, धरणाकडचा रस्ता बंद केला. घर ते दुकान, दुकान ते घर. तेवढ्यात मात्र ठणठणीत.

टेली मानसचा नंबर मला कोणी शोधून दिला नाही, तो माझ्याच दुकानात होता. १४४१६. केंद्र सरकारची ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. त्यानंतर कधीतरी आमच्या आशाताई त्याचं पत्रक घेऊन आल्या होत्या, शंभर प्रती काढा म्हणून. मीच काढल्या. बिघडलेल्या प्रती मी फेकत नाही, त्यांच्या पाठीवर उधारीचा हिशोब लिहितो. एका रात्री छाती पुन्हा सुरू झाली, मेसेज वाचून झाले होते, मोबाइल हातात होताच. उधारीचा कागद उलटा केला आणि लावला फोन. पलीकडे मराठीत बोलणारी बाई. मला वाटलं होतं आधी आधार नंबर विचारतील. तिने विचारलं, "आत्ता तुम्ही बसलेले आहात की उभे?" मग श्वास सोडायला लावला. घ्यायला नाही, सोडायला, आणि घेण्यापेक्षा जास्त वेळ. शेवटी म्हणाली की हे फोनवर संपणारं नाही, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग आहे, तिथे जा.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम नावाची गोष्ट देशात १९९६ पासून आहे, हे मला तिथल्या बाकावर बसून कळलं. मला मानसिक आजार म्हणजे नागपूरचं मनोरुग्णालय एवढंच माहीत. गावात कोणी जरा वेगळं बोललं की त्याला तिथे पाठवायच्या गमती मीही केल्या आहेत. बाकावर शेजारच्या गावचा एक ओळखीचा माणूस बसला होता. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं, आणि दोघांनीही भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता अगदी मन लावून वाचला.

आत कोण कोण असतं याचा मला काही पत्ता नव्हता. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर, ते गोळ्या लिहितात. मानसशास्त्रज्ञ गोळ्या लिहीत नाहीत, ते बोलतात, चाचण्या घेतात. शिवाय सामाजिक कार्यकर्ते असतात, ते घरच्यांशी बोलतात, योजनांचं बघतात. मी सगळ्यांनाच 'डॉक्टर साहेब' म्हणत राहिलो. कोणी हसलं नाही. आधी डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी सांगितली, कारण थायरॉइड वाढलं तरी अशीच धडधड होते, हात कापतात. ते नॉर्मल आलं तेव्हा मी रडकुंडीला आलो. निदान थायरॉइड तरी असायला हवं होतं! त्याला नाव आहे, गोळी आहे, लोकांना सांगता येतं.

मग सात प्रश्नांचा एक कागद. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटलं का, काळजी थांबवता येत नाही असं झालं का, काहीतरी भयंकर घडेल असं वाटलं का, असे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. दहाच्या वर गेलं की नीट तपासून बघायचं, पंधराच्या वर म्हणजे त्रास जास्त. फॉर्म भरणं हा माझा धंदा. म्हणून मी आधी विचारलं, "मॅडम, पास व्हायला किती लागतात?" मी पंधराच्या वर होतो.

समुपदेशक ताई वयाने माझ्यापेक्षा लहान. मला वाटलं होतं त्या सांगतील काय करायचं ते. आमच्याकडे सल्ला फुकट आणि भरपूर मिळतो. मी तालुका ओलांडून गेलो होतो तो शिकलेल्या माणसाचा सल्ला ऐकायला. त्यांनी एकही दिला नाही. पहिल्या दिवशी विचारलं ते हे: चहा किती, खर्रा किती. आता खर्रा म्हणजे आमच्या भागात जेवणाचाच एक भाग. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकवर टाकून तळहाताने घोटत राहायचं, घोटतानाच निम्मी नशा. कागदोपत्री बंदी आहे, आणि चौकात टपरी आहे. मी म्हणालो, टेन्शन आलं की खातो, बरं वाटतं. त्या म्हणाल्या, तंबाखूतलं निकोटिन हृदयाचे ठोके वाढवतं. म्हणजे ठोके वाढले म्हणून मी जे खात होतो, तेच ठोके वाढवत होतं. हे इतक्या वर्षांत एकाही रिपोर्टात आलं नव्हतं.

शरीरात काय होतं ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. धोका दिसला की मूत्रपिंडांच्या वरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन सुटतं. हृदय जोरात चालतं, कारण पळायचं किंवा लढायचं असतं. रक्त हातापायांच्या स्नायूंकडे जातं, पोट थांबतं, म्हणून मळमळ. श्वास भरभर होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या आणि डोकं हलकं. यातलं काहीही हार्ट अटॅक नाही. याचा जोर साधारण दहा मिनिटांत शिगेला जातो आणि ओसरतो, कारण शरीर तेवढ्या वेगाने फार वेळ धावू शकत नाही. पाणी सुटलेलं नसताना वाजलेला भोंगा, असं मी मनात म्हटलं. भोंगा खराब नाही. २०२० ला त्यानेच मला धावायला लावलं होतं. फक्त तो आता एसटीतही वाजत होता.

मी म्हणालो, मग पूर आला तेव्हा का नाही घाबरलो? त्या म्हणाल्या, तेव्हा करायला काम होतं.

पुढच्या भेटींत एक दिवस त्यांनी मला अगदी वैताग आणला. मी सांगत होतो की रात्री मेसेज आला तर मी वाचणार नाही कसा? त्या म्हणाल्या, दरवाजे उघडले, मग? मग शेतात पाणी शिरेल. मग? मग धान जाईल. मग? ठेक्याचे पैसे अंगावर येतील. मग? मग दुकानातून भरावे लागतील. मग? मला राग आला, म्हटलं, "मॅडम, तुमची जमीन गेली आहे का कधी?" त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही गेली. मग काय होईल?" आणि माझ्या तोंडून निघालं, की मग मी बाबांसारखा होईन.

बाबांबद्दल मी तिथे काही बोललोच नव्हतो. जुन्या गावात आमची स्वतःची धानाची शेती होती, रोवणीला आमच्याकडे बाया यायच्या. पुनर्वसनात आल्यावर मोबदला घरात, बहिणीच्या लग्नात आणि एका बिघडलेल्या मोटारसायकलीत संपला. बाबा मग ओट्यावर बसायला लागले. सकाळी बसायचे ते संध्याकाळी उठायचे. कोणी विचारलं, "का गा, बसला का?" तर "हो" म्हणायचे. कुणाला त्रास नाही, भांडण नाही. कोणाला वाटलंही नाही की हा आजार असू शकतो. जमीन गेलेला माणूस बसणारच, असं सगळ्या गावाने धरलं होतं, कारण प्रत्येक चौथ्या ओट्यावर एक जण तसाच बसला होता. २०१३ ला सरकारने प्रकल्पग्रस्तांसाठी जवळपास १,२०० कोटींचं विशेष पॅकेज दिलं तोवर बाबा गेले होते.

मी घाबरत होतो ते पाण्याला नाही. ओट्याला घाबरत होतो. हे कळल्यावर भीती गेली असं मुळीच झालं नाही, उलट तो आठवडा वाईट गेला. पण दरवाजे मोजायची गरज जरा ढिली झाली, कारण ३३ दरवाजे मोजून ओट्याचं काही होणार नव्हतं.

माझा मुख्य आक्षेप मात्र तसाच होता, आणि तो मी मांडला. शहरातल्या माणसाची काळजी खोटी असेल, लिफ्टची, परीक्षेची. आमची खरी आहे. नदी खरी, धरण खरं, तहसीलमध्ये अडकलेली फाइल खरी. बोलून पूर थांबतो का? मला वाटलं त्या म्हणतील, सकारात्मक विचार करा. असं म्हणाल्या असत्या तर मी तिकडे पुन्हा फिरकलो नसतो. त्यांनी वही काढायला लावली आणि मधोमध रेघ. एका बाजूला ज्या काळजीला उद्या सकाळी करण्याजोगं काम आहे ती. दुसऱ्या बाजूला जिला काम नाही, नुसती फिरते ती. फाइल: सोमवारी पवनीला जाऊन आवक नंबर घ्यायचा. हे काम. पीकविमा: मुदतीआधी भरायचा. हे काम. पुढच्या वर्षी सगळे दरवाजे उघडले तर? यापुढे मी बराच वेळ पेन धरून बसलो. त्याचं काम म्हणजे मोटर वर काढून ठेवायची आणि ठेक्याची जमीन थोडी वरची बघायची. ते लिहिलं. उरलं ते दुसऱ्या बाजूला. खरी काळजी आणि फिरणारी काळजी एकाच तोंडाने बोलतात, म्हणून मला दोन्ही सारख्याच खऱ्या वाटत होत्या.

दुसऱ्या बाजूच्या काळज्यांसाठी वेळ ठरवून दिली: संध्याकाळी सहा ते साडेसहा. दिवसभरात आली की लिहून ठेवायची, काळजी करायची ती सहाला. हा प्रकार मला पोरकट वाटला. सहा वाजता दुकानात शिष्यवृत्तीवाल्या पोरांची गर्दी. मी वही उघडून बसायचो, तर एक पोरगा, "काका, ओटीपी आला." अर्ध्या काळज्या तशाच शिळ्या व्हायच्या. ताईंच्या या एकूण बोलण्यामागे मोठी माणसं आहेत हे नंतर कळलं. अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांनी घटना, तिच्याबद्दलचा आपला समज आणि त्यातून उठणारी भावना अशी फोड केली, डॉ. कि. मो. फडके यांनी ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून मराठीत आणली. माझा समज असा निघाला की वाईट काही होताच कामा नये, आणि होणार नाही याची हमी मला आज रात्रीच हवी. धरणाच्या काठावर राहून अशी हमी मागणारा मी एकटाच असेन.

गोळ्याही होत्या. डॉक्टरांनी सांगितलं की ही रोज घ्यायची गोळी लागू पडायला दोन-चार आठवडे जातात, मेडिकलवाली बारीक गोळी सवय लावते, ती त्यांच्या देखरेखीत कमी करत न्यायची, एकदम सोडायची नाही. या विषयावर गावात दोन पक्ष आहेत: गोळी म्हणजे गुंगी, आणि गोळी म्हणजे सगळं. मला दोन्ही पटत नाहीत. गोळीने छातीचा आवाज खाली आला, तेव्हा ताईंचं बोलणं ऐकू यायला लागलं.

मग धरण. ताईंनी भीतीची शिडी करायला सांगितली, शून्य ते दहा गुण देऊन. मेसेज आला आणि तासभर उघडला नाही: चार. एसटीत एक थांबा: पाच. अड्याळपर्यंत: सात. दरवाजे उघडे असताना समोर उभं राहणं: नऊ. दहाला काही लिहिलं नाही, हिंमत नव्हती. खालच्या पायरीपासून चढायचं, आणि नियम एकच: भीती वर असताना पळायचं नाही. ती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. पळालं की मन शिकतं, पळालो म्हणून वाचलो.

पावसाळा सरताना काही दरवाजे उघडे होते. रविवार नको, गर्दी असते. आम्ही मधल्या वारी गेलो, मी आणि बायको. रस्त्यावरून दरवाजे दिसतात तिथे गाडी लावली. आवाज आधी येतो, पाणी नंतर दिसतं. पांढरं, उकळल्यासारखं, आणि वाऱ्यासोबत तुषार चेहऱ्यावर. बायकोने विचारलं, "किती?" म्हटलं, "नऊ." बोटांना मुंग्या आल्या. पाय गाडीकडे वळले तशी तिने शर्टाची बाही धरली. शेजारी तीन पोरं सेल्फी काढत होती, एक जण भज्यांचा पुडा घेऊन आला, त्याने आमच्यापुढे धरला. नऊ. नऊ. आठ. श्वास सोडत राहिलो. मग मला एकदम दिसलं की पलीकडे ढिवर समाजाचा एक मासेमार जाळं सावरत बसला आहे, आणि त्याचं दरवाज्यांकडे लक्षसुद्धा नाही. सात. बऱ्याच वेळाने पाच. पाचवर बायको म्हणाली, "आता भूक लागली." आम्ही भजी विकत घेऊन तिथेच खाल्ली, कारण चारपर्यंत थांबायचं ठरलं होतं.

मी भंडाऱ्याला पोचलो, पण अशी मदत गावातही येऊ शकते. अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा एक कार्यक्रम झाला होता, ३० गावांत, दीड वर्ष. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्यामार्फत लोकांशी बोलायचं, गरज लागली तर पुढे डॉक्टरकडे. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण कुठली मदत घेत होते, शेवटी सत्तावीस झाले. हा अभ्यास २०१७ ला 'लॅन्सेट सायकिॲट्री' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तो नैराश्याचा होता, माझ्या दुखण्याचा नव्हे, तरी ओट्यांवरची माणसं मला आठवली. विदर्भातल्या मनाच्या दुखण्याची चर्चा कापसाच्या पट्ट्यात सुरू होते आणि तिथेच संपते. धानाच्या पट्ट्यात, तेही बुडीत गावांत, कोणी कोणाच्या ओट्यावर जाऊन विचारलंय असं मला तरी माहीत नाही.

माझं अजून चालू आहे. एसटीत बसतो, खिडकीजवळ. खर्रा कमी झाला, सुटलेला नाही. दहाव्या पायरीवर आता लिहिलं आहे: पुराचा इशारा असताना मोबाइल आईच्या खोलीत ठेवून झोपणे. ती मी अजून चढलेलो नाही.

दुकानात कोणी झेरॉक्स काढता काढता आवाज बारीक करून विचारतो, मित्रासाठी म्हणून, की भंडाऱ्याला ते कुठे असते जी. मी त्याला मित्राचं नाव विचारत नाही. सांगतो: सकाळच्या पहिल्या गाडीने जा, ओपीडीची चिठ्ठी आधी काढावी लागते. आधीचे रिपोर्ट, ईसीजी, सगळे सोबत ने. बाहेरून काही गोळी घेत असशील तर तिचं रिकामं पाकीट ने, लपवू नकोस. तिथे बाकावर ओळखीचं कोणी भेटलं, तर लसीकरणाचा तक्ता उजव्या हाताच्या भिंतीवर आहे.